७ मार्चची ३ जुलै झाली: चुकीच्या सर्टिफिकेटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग ऑनलाइन कोर्स (टेक्सास),
पुणे कार्यालय

दि. २० जून २०२५

विषय: सर्टिफिकेटवर चुकीची जन्मतारीख, त्यामुळे हुकलेली कोर्टाची मुदत आणि दुरुस्तीसाठी माझ्याकडूनच घेतलेले पैसे.

महोदय / महोदया,

इंग्रजीत दोन ईमेल पाठवून झाल्या. दोन्हींना एकच छापील उत्तर आलं, की माझा अभिप्राय तुमच्यासाठी मोलाचा आहे. फोनवर मात्र तुमच्या पुण्याच्या ऑफिसातला मुलगा माझं आडनाव ऐकताच मराठीत बोलू लागला होता. म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय, निदान कुणीतरी माणूस वाचेल.

आधी माझी चूक सांगते. ताशी ४० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी ५२ ने जात होते. पोलिसाने थांबवलं, दंडाचं तिकीट दिलं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मर्यादेच्या वरचा वेग २५ मैलांच्या आत होता, गेल्या १२ महिन्यांत डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे सुरक्षित गाडी चालवण्याचा, कोर्स केलेला नव्हता, लायसन्स टेक्सासचं आणि विमा चालू. त्यामुळे डॅलसजवळच्या आमच्या गावच्या म्युनिसिपल कोर्टाने १२ मार्चला हा कोर्स करायची परवानगी दिली. ९० दिवसांत, म्हणजे १० जूनपर्यंत, कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आणि ३ए प्रकारचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड (माझ्या गाडी चालवण्याचा सरकारी, प्रमाणित इतिहास) दाखल केलं की तिकीट रद्द. रेकॉर्ड मी सरकारी साइटवरून १२ डॉलर भरून लगेच काढून ठेवलं. कोर्स तेवढा लांबत गेला. मुलीची परीक्षा, मग सासूबाई आल्या. हेही माझ्याच खात्यावर मांडा.

२४ मेला, शनिवारी, बसले. सहा तासांचा कोर्स, प्रत्येक पानावर घड्याळ, वाचून झालं तरी पान पुढे सरकत नाही. ते ठीक आहे, राज्याचा नियमच वेळेचा आहे. कोर्स वाईट नाही, हेही मुद्दाम लिहिते. रस्त्याच्या कडेला दिवे लावून पोलिसाची किंवा रुग्णवाहिकेची गाडी उभी असेल तर लेन बदलायची, नाहीतर मर्यादेपेक्षा २० मैल कमी वेगाने जायचं, हे अकरा वर्षं इथे गाडी चालवून मला धड माहीत नव्हतं.

अडलं ते ओळख पटवण्याच्या प्रश्नांपाशी. कोर्स मीच करतेय, शेजारीण नाही, हे तपासायला मधूनमधून प्रश्न येतात. पाचव्या तासाला विचारलं, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? आता माझी शाळा म्हणजे तासगाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा. नाव नोंदवताना इंग्रजीत ते मी नक्की कसं लिहिलं होतं कोण जाणे! जिल्हा 'झेड'ने की 'जे'ने? पूर्ण की नुसतं 'झेड पी'? उत्तराला ६० सेकंद आणि अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दोनदा चुकलं आणि खातं बंद.

रात्रीचे नऊ वाजले होते. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर फोन उचलला गेला. तिकडे रविवारची सकाळ असणार, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मुलगा फार चांगला बोलला. "काकू, काळजी करू नका, तुमचे झालेले तास जाणार नाहीत," म्हणाला, आणि खरंच गेले नाहीत. त्याने माझी माहिती नव्याने भरून घेतली. लायसन्स नंबर एकेक आकडा परत म्हणून दाखवला. मग म्हणाला, "जन्मतारीख सात मार्च, बरोबर ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर.

बरोबरच होती. फक्त त्याने ती आपल्या पद्धतीने भरली, आधी दिवस, मग महिना. ०७/०३. आधी महिना धरणाऱ्या तुमच्या अमेरिकन सिस्टीमने ती ३ जुलै म्हणून ठेवून घेतली. जन्मभर शाळेत, बँकेत, रेशनकार्डावर आपण तारीख अशीच लिहीत आलो, त्या पोराला तरी कुठे दोष द्यायचा? माझा प्रश्न तुम्हाला आहे. पुण्यात माणसं बसवून टेक्सासच्या लोकांची माहिती भरून घेता, मग महिना यादीतून निवडायची सोय का नाही? भरलेली माहिती ग्राहकाला एकदा डोळ्यांखालून घालायला का पाठवत नाही?

२५ मेला अंतिम परीक्षा दिली, ९६ टक्के मिळाले. पास व्हायला ७० लागतात. सर्टिफिकेट साध्या टपालाने फुकट, ईमेलने हवं तर ९ डॉलर ९५ सेंट. कागद, पाकीट, तिकीट आणि पोस्टमन फुकट, आणि एका बटणाला दहा डॉलर, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. हातात सोळा दिवस होते म्हणून टपाल निवडलं. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी. पाकीट आलं ५ जूनला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या खिडकीवर गेले. बाईंनी सर्टिफिकेट आणि ड्रायव्हिंग रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवलं. रेकॉर्डवर ०३/०७, सर्टिफिकेटवर ०७/०३. नम्रपणे म्हणाल्या, हे घेता येणार नाही, दुरुस्त करून आणा.

गाडीतूनच तुम्हाला फोन लावला. या वेळी दुसरंच कुणीतरी होतं. चूक तुमच्या नोंदीतली आहे हे त्यांनी मान्य केलं, आणि त्याच दमात सांगितलं की नव्या प्रतीला १५ डॉलर पडतील, ईमेलने हवी तर वर ९ डॉलर ९५ सेंट. म्हणजे २५ डॉलरच्या कोर्सला २४ डॉलर ९५ सेंटची दुरुस्ती. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे या कोर्सची फी २५ डॉलरच्या खाली नेता येत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या २५ चा बोर्ड लावतात आणि खरी कमाई अशी खालून करतात, हे आता कळलं. मुदत डोक्यावर होती. मुकाट्याने भरले.

तरीही ईमेल आली १२ जूनला. का, तर "दुरुस्ती विभागाला चार कामाचे दिवस लागतात." दोन आकड्यांची अदलाबदल करायला चार दिवस! १० जूनला मी चुकीचं सर्टिफिकेट आणि तुमची पावती घेऊन पुन्हा कोर्टात जाऊन आले, पण दाखल करण्यासारखं हातात काहीच नव्हतं. आता न्यायाधीशांपुढे हजर राहून उशिराचं कारण सांगायची नोटीस आली आहे. तारीख ८ जुलै. कारण पटलं तर मुदत वाढवून मिळेल. नाही पटलं तर गुन्हा कायम, दंड, आणि पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढणार.

म्हणून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. पहिली आणि सगळ्यात निकडीची, कंपनीच्या लेटरहेडवर सहीचं पत्र: कोर्स मी २५ मे रोजी, मुदतीत पूर्ण केला, जन्मतारखेची चूक तुमच्या कर्मचाऱ्याने केलेल्या नोंदीतली होती आणि दुरुस्त प्रत तुमच्याकडूनच १२ जूनला निघाली. हे पत्र इंग्रजीत हवं, न्यायाधीशांना मराठी येत नाही, आणि १ जुलैच्या आत हवं. तेही ईमेलने, फुकट. दुसरं, २४ डॉलर ९५ सेंट परत. कोर्सचे २५ मी मागत नाही, कोर्स मी केला आहे. बाकी कोर्टाने दंड लावलाच, तर त्याबद्दल वेगळं लिहीन.

चुकीचं सर्टिफिकेट, दुरुस्त सर्टिफिकेट, दोन्ही पावत्या आणि कोर्टाची नोटीस सोबत जोडली आहे. माझं नाव आणि ऑर्डर क्रमांक पावतीवर आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक

ता. क. हे पत्र वाचून त्या रविवारच्या मुलाला बोलावून घ्याल, म्हणून लिहिते. तुमच्याकडे माझं काम मनापासून केलेला तो एकच माणूस. त्याने विचारलेली तारीख बरोबर होती आणि मीही होच म्हटलं होतं. त्याच्या पगारातून काही कापू नका.