बेटी कँटर-जॅक्सन यांना आभाराचे खुले पत्र

आदरणीय बेटी कँटर-जॅक्सन यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात बास गिटार वाजवते आणि शिकवते. आपली कधी भेट झालेली नाही. तरीही माझा कान ज्यांनी घडवला त्यांची नावे सांगायची झाली, तर आपले नाव मी अगदी आधी घेईन. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींचे जे ध्वनिमुद्रण आपण थेट मिक्सिंग बोर्डावरून, म्हणजे सर्व वाद्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरून केले आणि ज्याला रसिक आजही ‘बेटी बोर्ड्स’ म्हणतात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जॅम बँडच्या, म्हणजे मंचावर लांबलचक उत्स्फूर्त वादन करणाऱ्या बँडच्या संगीताचा विषय निघाला की त्यातल्या मोकळेपणाचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. मात्र शिकणाऱ्याला त्यापुढचे काही हवे असते. उत्स्फूर्त वादनात कोणी काय वाजवले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणाचे काय ऐकून वाजवले हेही महत्त्वाचे असते. श्रोत्यांमध्ये बसून केलेल्या मुद्रणात मैफलीचा माहोल छान उतरतो, पण सहा वादकांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि नेमकी ही देवाणघेवाण हरवते. आपल्या मुद्रणात प्रत्येक वाद्य आपापल्या जागी स्वच्छ ऐकू येते.

8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या मैफलीतील ‘स्कार्लेट बिगोनियाज’ आणि त्यातून न थांबता उमलणारे ‘फायर ऑन द माउंटन’ हे माझे खरे पाठ्यपुस्तक. दुसऱ्या गाण्यात बी आणि ए या दोनच मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आलटून पालटून येत राहतात. तरी दोन्ही गाणी मिळून सुमारे 25 मिनिटे कुठेही कंटाळा येत नाही. कॉर्डचा मूळ स्वर समेवर ठेवायचा, हे बास वाजवणाऱ्याच्या बोटांत पक्के मुरलेले असते. बँडचे बासवादक फिल लेश मात्र अनेकदा सम मोकळी सोडतात, मूळ स्वरावर सावकाश येतात किंवा त्याला वळसा घालून वरच्या सप्तकात निघून जातात, आणि तरीही बिल क्रॉयट्झमन व मिकी हार्ट यांच्या दोन ड्रमसेट्सच्या आधाराने लय जराही डळमळत नाही. दुसरे गिटारवादक बॉब वीअर पूर्ण कॉर्ड क्वचितच वाजवतात. दोन-तीन स्वर छेडून ते गप्प होतात, आणि जेरी गार्सिया यांच्या गिटारला श्वास घ्यायला जागा मिळते. जॅझ पियानोवादक मॅकॉय टायनर पियानोवर डाव्या हाताने जे करत, त्यावरून वीअर यांनी ही रीत घेतली, असे ते सांगत. ही मौनाची जागा मला आपल्या मुद्रणामुळेच ऐकू आली.

बॉब मॅथ्यूज यांच्यासह आपण 1969 च्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमसाठी टेपच्या 16 स्वतंत्र ट्रॅकवर मैफली मुद्रित केल्या, तेव्हा तसे करणारे फारसे कोणी नव्हते. त्यातील ‘द इलेव्हन’ ही 11 मात्रांत बांधलेली रचना आम्हा इकडच्या वादकांना विशेष जवळची वाटते, कारण मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे लयीचे शिक्षण घेतले होते. मुंबईत आयुष्य घालवलेल्या त्या तबलानवाजाचा हिशेब कॅलिफोर्नियातल्या रॉक बँडच्या हातात कसा उतरला, हे त्या मुद्रणात मात्रा मोजत ऐकता येते.

आपला टेपांचा संग्रह 1986 मध्ये लिलावात गेला, हे वाचून मला फार वाईट वाटले. ज्यांच्या हाती त्या टेपा पडल्या त्यांच्यामुळे त्यांच्या प्रती जगभर फिरल्या आणि आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचल्या, हे खरे. पण ज्या हातांनी ते काम केले त्यांचा मान पहिला, असे मला ठामपणे वाटते. बार्टन हॉलच्या मैफलीची अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2011 च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी निवड केली, तेव्हा जपले गेले ते वादकांच्या कलेइतकेच आपले मुद्रणही.

सध्या माझे विद्यार्थी हीच मैफल ऐकत आहेत. प्रत्येकाने एकच वाद्य निवडायचे आणि ते कुठे थांबते तेवढेच लिहून आणायचे, असा अभ्यास मी दिला आहे. त्यांच्या वतीनेही आपले आभार.

आपली कृतज्ञ,
पुण्यातील एक बास गिटारवादक