लेखाधिकारी मॅडम, तुमचे आभार मानायचे आहेत

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या समितीचा सुरक्षा अनुदानाचा प्रस्ताव मंजूर झाला. खरं तर याचं श्रेय तुमचं. नाव घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घालत नाही.

सरकारी अनुदान म्हटलं की सगळ्यांना कॅमेरे आणि गस्तीची गाडीच आठवते. त्यांचं उद्घाटन करता येतं ना! आमच्या मसुद्यातही तेच होतं. तुम्ही समासात पेन्सिलीनं दोनच प्रश्न लिहिलेत: ‘गुन्हे नेमके कुठे आणि किती वाजता होतात? तिसऱ्या वर्षी देखभालीचा खर्च कोण करणार?’

मग ठाणे अंमलदारांकडून वर्षभराच्या नोंदी मिळवल्या आणि नकाशावर टिंबं मारत बसलो. बहुतेक टिंबं दोन-तीन गल्ल्यांतच दाटली होती, तीही दिवेलागणीनंतरची. तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा दाखला दिलात. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के ठिकाणांहून आल्याचं दिसलं होतं. अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीचा १९७२-७३चा गस्तीचा प्रयोग तर आमच्यातल्या गाडीवाल्या गटाच्या पचनीच पडेना! तिथे काही बीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गस्तीच्या हद्दींत, नेहमीची गस्त बंद केली, काहींत दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही, आणि लोकांच्या ते ध्यानातही आलं नाही. म्हणजे गस्त फुकट असं नव्हे, ती सगळीकडे सारखी पसरून उपयोग नाही, हे तुम्ही न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावलंत.

शेवटी आम्ही दिवे मागितले. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ साली जादा दिवे लावल्यावर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले होते, हा आकडा प्रस्तावात कामी आला. दिव्यांच्या जोडीला त्याच गल्ल्यांत ठरावीक वेळेची पायी गस्त, आणि देखभालीसाठी वेगळी तरतूद.

वर्ष संपत आलं की निधी परत जाऊ नये म्हणून दिसेल ते खरेदी करायची पद्धत सगळ्यांनाच माहीत आहे. खरेदीचं वेळापत्रक तुम्ही प्रस्तावातच घालायला लावलंत, त्यामुळे ती वेळ आमच्यावर येणार नाही.

सोबत पहिल्या तिमाहीचा खर्चाचा तक्ता जोडला आहे. दिवे दुरुस्तीची रक्कम वेगळ्या रकान्यात दाखवली आहे. उपयोगिता प्रमाणपत्राला तेवढं चालेल ना, ते कळवा.

आपला,
समितीचा सचिव