ट्रक ओढण्याआधी त्याचे ब्रेक सोडवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर दरी पुलावरून नवले पुलाकडे उतरणाऱ्या मुंबई-बेंगळुरू महामार्गावरचे अपघात पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हापासून वेगमर्यादा, रंबलर, कॅमेरे यांवर भरपूर लिहिले गेले आहे. पण मागच्या ट्रकची केबिन पुढच्या ट्रेलरच्या हौद्याखाली घुसून दोन्ही वाहने एकमेकांत अडकली, तर ती सोडवायची कशी, यावर कोणी बोलत नाही. वाहतूक तासन् तास तुंबते ती बहुतेक वेळा या कामात. सोडवताना दुसरा अपघात होण्याचा धोकाही इथेच असतो.

अशा वेळी सर्वात आधी हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, येते. हायड्रा सहज मिळते, पण ती सपाट जागेवर माल उचलून चार पावले नेण्यासाठी बनलेली आहे. तिच्यावर लिहिलेले बारा किंवा चौदा टन हे बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आखडलेला आणि वजन अगदी जवळ असतानाचे असतात. बूम लांबवला की ती क्षमता झपाट्याने घटून काही टनांवर येते. त्यात उतार, आणि त्यात रोप (तारेचा दोर) तिरका लावून ओढणे! बूम वाकतो, नाहीतर हायड्राच कलंडते.

खरा घोळ मात्र ब्रेकमध्ये आहे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. धडकेत पुढच्या भागातले हवेचे पाइप फुटतात आणि टाकीतली हवा निघून जाते. मग मागच्या धुऱ्यांवरच्या बूस्टरमधली (ब्रेक लावणाऱ्या गोल डब्यातली) दणकट स्प्रिंग सुटते आणि चाके जाम करते. हवा गेली की गाडी आपोआप थांबावी म्हणूनच ती बसवलेली असते. साधा हिशेब बघा. दहा चाकी ट्रकचे भारासह वजन २८.५ टनांपर्यंत असू शकते. त्यातले २१ टन मागच्या दोन धुऱ्यांवर धरले आणि ती चाके जाम असली, तर कोरड्या रस्त्यावर त्यांना घसटत न्यायला साधारण १३ टनांचा जोर लागतो. चाके मोकळी असली आणि शंभर मीटरला चार मीटर चढ असला, तर तोच ट्रक चढाच्या दिशेने दीड टनात हलतो. म्हणजे जवळपास नऊपट फरक. एवढा जोर लावल्यावर रोप तुटतो, हूक उपटतो किंवा चेसीच फाटते, आणि लोक म्हणतात मोठी क्रेन हवी होती. हवी होती एक हवेची नळी आणि एक पाना.

टो-ट्रकच्या कंप्रेसरवरून नळी जोडून अडकलेल्या गाडीच्या टाकीत सात-आठ बार दाबाची हवा भरली की स्प्रिंग मागे जाते. पाइप फुटलेले असतील, तर बूस्टरच्या मागच्या बाजूचा बोल्ट साध्या पान्याने फिरवून स्प्रिंग आवळून धरायची. काही बूस्टरमध्ये हा बोल्ट बाजूच्या खोबणीत वेगळा ठेवलेला असतो. त्याला इम्पॅक्ट गन लावू नये, आणि बूस्टरची क्लॅम्प तर कधीच खोलू नये. आतली स्प्रिंग उसळून जीव घेते. स्प्रिंग आवळल्यावर त्या गाडीला पार्किंग ब्रेक उरत नाही, हेही लक्षात हवे. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी दोन्ही वाहनांच्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी किंवा लोखंडी ओट (चाक अडवणाऱ्या पाचरी) लावलेच पाहिजेत. रस्त्याकडेचा दगड चालत नाही, तो भाराखाली फुटतो किंवा निसटतो.

याच्याही आधी माणूस. चालक केबिनमध्ये अडकला असेल, तर अग्निशमन दलाने त्याला बाहेर काढेपर्यंत रोपाला ताण द्यायचा नाही. डॅशबोर्ड दोन इंच सरकला तरी त्याचा पाय चिरडू शकतो. दोन्ही गाड्यांच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. टँकर असेल, तर त्यावरचा धोक्याचा फलक वाचून अग्निशमन दलाला कळवल्याशिवाय जवळ जाऊ नये. डिझेल सांडलेले असताना गॅस कटर पेटवू नये. हायड्रॉलिक कटरने ठिणगी न उडवता काम होते.

नंतर टॉर्च घेऊन खाली वाकून पाहावे. हौद्याची आडवी पट्टी मागच्या ट्रकच्या केबिनवर टेकली आहे का, बंपर कशात गुंतला आहे का, पुढचे चाक मडगार्डमध्ये रुतले आहे का? बऱ्याचदा ट्रेलरच्या मागच्या बाजूचा भार मागच्या ट्रकच्या इंजिनावर आलेला असतो. तो उचलल्याशिवाय ओढले की अडकण आणखी घट्ट होते. म्हणून दोन यंत्रे लागतात. एकाने ट्रेलरची चेसी तीन-चार इंच उचलून धरायची आणि खाली लाकडी स्लीपर रचत जायचे, म्हणजे रोप सुटला तरी ट्रेलर खाली येणार नाही. दुसऱ्याने मागचा ट्रक ज्या रेषेत घुसला त्याच रेषेत विंचने (रोप गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) हळूहळू मागे घ्यायचा. ट्रेलरमध्ये स्टीलची कॉइल असेल, तर ती आधी उतरवणेच शहाणपणाचे.

नवले पुलाच्या उतारावर ओढायचे ते वरच्या बाजूला, म्हणजे बोगद्याच्या दिशेने. पुढची गाडी खाली ओढून सोडवणे सोपे वाटते, पण सुटल्या क्षणी ती ओढणाऱ्याच्याच अंगावर येते. मागे घेताना पुढची चाके भरकटतात, म्हणून स्टिअरिंग पट्ट्याने सरळ बांधावे. चाक फिरतच नसेल, तर त्याखाली ग्रीस लावलेला लोखंडी पत्रा सारावा.

साखळी चेसीला किंवा टोइंग पिनला अडकवावी. बंपर, पाटे, स्टिअरिंग रॉड यांना नाही. उचलताना दोन साखळ्या जितक्या पसराल तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. साखळी आडव्याशी ३० अंशांवर आली की प्रत्येकीवर पूर्ण वजनाइतका ताण पडतो, दोन असल्याचा काही फायदा राहत नाही. काटे आलेला किंवा चपटा झालेला रोप त्याच दिवशी बाद करावा. ताणलेल्या रोपाजवळ मोबाइल घेऊन उभे राहणाऱ्यांना पोलिसांनी कृपया दूर हटवावे.

सुटलेली गाडी पुढचा भाग उचलून न्यायची असेल, तर प्रोपेलर शाफ्ट किंवा मागचे एक्सल काढावेत. नाहीतर इंजिन बंद असताना फिरणारा गिअरबॉक्स तेलाविना जळतो. उतारावर टो-ट्रकची हवा मागच्या गाडीच्या ब्रेकला जोडलेली हवीच. सांडलेल्या डिझेलवर वाळू किंवा भुसा टाकून ते गोळा केल्याशिवाय लेन उघडू नये. त्यावर पहिला घसरतो तो दुचाकीवाला.

आमची मागणी खर्चिक नाही. या महामार्गाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी दरी पूल ते नवले पूल या पट्ट्यासाठी विंच असलेला एक अवजड टो-ट्रक कायम तैनात ठेवावा, आणि निविदेत केवळ क्रेनचे टन न लिहिता हवेची नळी व जोड, ओट, स्लीपर, पान्यांचा संच, स्नॅच ब्लॉक (रोप वळवण्याची कप्पी) आणि वाळूची पोती असे सामान नावानिशी लिहावे. हे सामान गाडीवर आहे की नाही, याची तपासणी दर महिन्याला व्हावी. १०३३ या मदतक्रमांकावर कॉल आला की कॉल करणाऱ्याला गाड्या अडकल्या आहेत का आणि भार कशाचा आहे, हे दोन प्रश्न विचारले जावेत, म्हणजे पहिल्याच फेरीत योग्य यंत्र निघेल.

आपले,
अवजड वाहन दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
नऱ्हे, पुणे