काका, तुमचा आट्यांचा गेज अजून माझ्याकडेच आहे

काका,

सप्रेम नमस्कार.

समोर काही बोलायला गेलं की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

काल ट्रॅक्टरचं ऑइल बदललं. झाकण उघडलं, नळी डब्यात सोडली, व्हॉल्व्ह फिरवला आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. शर्टाला एक थेंब नाही. आधी काय व्हायचं ते तुम्ही कुंपणापलीकडून पाहिलेलंच आहे. गवत कापायच्या ह्या छोट्या ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ऑइल सोडायचं बूच, ज्याने बसवला, त्याने स्वतः कधी ऑइल बदललं नसावं, असं माझं ठाम मत आहे. इंजिनाच्या बुडाशी, चासीच्या पत्र्याला चिकटून. प्लग सुटला की गरम ऑइल आधी बोटांवर, मग मनगटावरून कोपरापर्यंत, उरलेलं पत्र्यावर पसरून भलतीकडूनच खाली. पुठ्ठ्याचं पन्हाळं करून पाहिलं, जुन्या डब्याचा पत्रा वाकवून पाहिला. प्लग तर दर वेळी डब्यातच पडायचा. मग ओशट पत्र्यावर गवताचा भुसा चिकटायचा, तो खरवडायचं काम वेगळं. माझ्या पुस्तकात दर ५० तासांनी ऑइल बदला असं लिहिलंय. मी ८० तासांपर्यंत ढकलायचो, ते निव्वळ ह्या कटकटीपायी.

म्हणून प्लगच्या जागी बसवायचा तो व्हॉल्व्ह आणला. पाकिटावर ३/८ लिहिलं होतं, पुस्तकात प्लगचं मापही ३/८. मी म्हटलं, झालं काम.

पहिले दोन फेरे बोटांनी लोण्यासारखे गेले. तिसऱ्याला अडकला. मला वाटलं आट्यात घाण असेल, म्हणून लांब दांड्याचा पाना घेतला. तेवढ्यात तुम्ही आलात आणि चढ्या आवाजात म्हणालात, "हात काढ आधी." खरं सांगतो, तेव्हा राग आला होता.

तुम्ही व्हॉल्व्ह उलटा फिरवून काढलात, चिंधीने पुसलात, जुना प्लग त्याच्या शेजारी धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवलेत आणि उजेडाकडे केलेत. सुरुवातीचे आटे एकमेकांत बसल्यासारखे दिसत होते, पुढे मात्र दात दातावर चढलेला आणि मधून उजेडाची बारीक रेघ. मग खिशातून गेज काढलात, एका इंचात किती आटे आहेत ते दाखवणाऱ्या दातेरी पात्यांचा. प्लगला १८ चं पातं बसलं, व्हॉल्व्हला १९ चं. एका इंचात एका आट्याचा फरक! प्लग एनपीटी होता, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा निमुळता पाइप-आटा; मी आणलेला व्हॉल्व्ह बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा. नाव दोघांचंही ३/८, जाडीही जवळपास १७ मिलिमीटर, पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. त्यात पाइपाच्या मापातलं ३/८ हे आट्याच्या जाडीचं माप नसतंच, हेही मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी पट्टी लावून मोजत होतो.

व्हॉल्व्ह पितळेचा, इंजिनाचं बूड अॅल्युमिनियमचं. त्या लांब पान्याने अजून एक फेरा मारला असता तर आटे इंजिनाचे गेले असते, व्हॉल्व्हचं काही बिघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर आट्याचा व्हॉल्व्ह आला, तेव्हाही तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. बसून राहिलात आणि मला करायला लावलंत. टेफ्लॉन टेप आवळायच्या दिशेने गुंडाळायची, टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचे तुकडे ऑइलमध्ये जातात. (हे निमुळत्या आट्याचं झालं. ज्यांच्या इंजिनाला सरळ मेट्रिक आटे आहेत त्यांनी टेपच्या नादी लागू नये, तिथे वॉशरच हवा.) व्हॉल्व्हचं तोंड बाहेरच्या बाजूला यायला हवं होतं आणि माझं जरा पुढे गेलं. मी सहज मागे फिरवायला लागलो. "निमुळता आटा मागे आणलास की गळणार," तुम्ही म्हणालात. पुन्हा सगळं काढलं, पुसलं, नवी टेप लावली आणि ह्या वेळी तोंड जागेवर येताच थांबलो. कंटाळा आला होता, पण आजतागायत तिथे ओल नाही.

एका बाबतीत आपलं जमलं नव्हतं. मध्ये लांब पाइप घालून व्हॉल्व्ह चासीच्या पार बाहेर आणायचा माझा हट्ट होता, तुम्ही नको म्हणालात. इंजिन थरथरतं, पाइपाच्या टोकाचं वजन तरफेसारखं आट्यावर येतं, एक दिवस मुळाशी तडा जातो. ऐकलं ते बरं झालं. परवा खालून एक जाड फांदी खडखडत गेली; व्हॉल्व्ह आखूड आणि चासीच्या आत असल्याने वाचला. व्हॉल्व्हच्या दांडीला खटका लावायलाच हवा हेही तुमचंच. तो मी प्रत्येक वेळी दोनदा बघतो.

तक्रारही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय. व्हॉल्व्हचं भोक प्लगच्या भोकापेक्षा बारीक, त्यामुळे ऑइल सावकाश उतरतं. थंड इंजिनात तर करंगळीएवढी धार. म्हणून पाचेक मिनिटं चालवून, बंद करून, सायलेन्सरला हात न लावता काम करतो. आणि व्हॉल्व्हचा काठ आत थोडा वर येत असावा, कारण तळाला जरासं जुनं ऑइल राहतंच. शेवटी मागचं चाक थोडं उचलून धरलं की आणखी थोडं येतं. वेळेवर बदलतोय म्हटल्यावर तेवढं चालतं.

चुकीचा व्हॉल्व्ह परत केला नाही. हत्यारांच्या पेटीत जुन्या प्लगला सुतळीने बांधून ठेवलाय. कुणी ३/८ म्हणालं की दोन्ही काढून दाखवतो.

तुमचा गेजही त्याच पेटीत आहे. दोनदा द्यायला निघालो आणि दोन्ही वेळा वाटेत कुणीतरी काहीतरी मोजायला मागितला. रविवारी नक्की आणून देतो.

तुमचा,
कुंपणापलीकडचा