संचालक मंडळाच्या बैठकीची नोटीस सभासदालाही कळावी

माननीय संपादक,

सप्टेंबर जवळ आला की कोल्हापुरातील सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे वेध लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपूर्वी, ही सभा घेण्याचे बंधन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 नुसार संस्थांवर आहे. त्यामुळे त्या सभेची नोटीस, अहवाल आणि मंडपातला ‘मंजूर, मंजूर’चा गजर यांविषयी आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी पुष्कळ छापून येते. परंतु संस्थेचे खरे निर्णय वर्षभर संचालक मंडळाच्या बैठकांत होतात आणि त्या बैठकांची नोटीस कोणाला, किती दिवस आधी, कोणत्या विषयांसह मिळते, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे.

मी मंगळवार पेठेत राहतो आणि एका पतसंस्थेचा बऱ्याच वर्षांचा सभासद आहे. आमच्या गल्लीतील एक संचालक मध्यंतरी सांगत होते की, त्यांना दुपारी बारा वाजता फोन आला आणि बैठक त्याच दिवशी सायंकाळी पाचला होती. ते परगावी असल्याने जाऊ शकले नाहीत. पुढच्या आठवड्यात कार्यालयातील शिपाई नोटीस-वही घेऊन आला आणि आठ दिवसांपूर्वीची तारीख असलेल्या नोटिसीखाली त्यांची सही घेऊन गेला. सही त्यांनी केली, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या बैठकीत नव्या शाखेच्या जागेचा भाडेकरार ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली मंजूर झाला होता. ज्या विषयावर संस्थेचे पैसे काही वर्षे अडकणार आहेत, तो ऐनवेळचा कसा असू शकतो, हे मला समजलेले नाही.

नोटिसीची मुदत हा कारकुनी सोपस्कार नव्हे. जेथे ‘पूर्ण दिवसांची’ नोटीस सांगितलेली असते, तेथे ती दिल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस असे दोन्ही वगळून मुदत मोजावयाची असते, कारण सदस्याला विषय वाचायला, कागद मागायला आणि यायला वेळ मिळावा हाच तिचा हेतू आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 173 मध्ये संचालकांना किमान सात दिवसांची लेखी नोटीस सांगितली आहे. तातडीच्या कामासाठी कमी मुदतीची मुभा असली तरी तिलाही अटी आहेत, आणि नोटीस देण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर आहे त्याने ती न दिल्यास त्याला पंचवीस हजार रुपये दंड आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळांत आणि वाचनालयांतही, धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांमधील फेरफार नोंदवण्यासाठीचा ‘बदल अर्ज’ गेला की पहिली हरकत बहुधा नोटिसीवरच येते.

आता सभासदाच्या हजेरीविषयी. संचालक मंडळाच्या बैठकीत बसण्याचा हक्क सामान्य सभासदाला आपोआप मिळत नाही, हे मला मान्य आहे. मात्र सहकार कायद्याचे कलम 32 सभासदाला सर्वसाधारण सभेचेच नव्हे, तर संचालक मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्तही कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा हक्क देते. लेखी मागणी करून शुल्क भरल्यास महिन्याच्या आत प्रत देणे संस्थेवर बंधनकारक आहे. कंपनीच्या भागधारकाला संचालक मंडळाचे इतिवृत्त पाहण्याचा असा हक्क नाही. जे इतिवृत्त मी नंतर वाचू शकतो, त्याची विषयपत्रिका मला आधी दिसू नये, यामागे काही तर्क असेल असे वाटत नाही. शिवाय सहकार कायद्याच्या 2013 च्या दुरुस्तीने पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहण्याचे कर्तव्य सभासदांवरच घातले गेले होते. हजेरीची अपेक्षा आमच्याकडून करायची आणि आधी कळवायचे काहीच नाही, असा हा व्यवहार आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, येत्या सभांत पोटनियमांच्या, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांच्या, दुरुस्तीचे विषय मांडावेत: बैठकीची नोटीस विषयांसह सूचना फलकावर आणि प्रत्येक शाखेत लावावी, आर्थिक बोजा पडणारा कोणताही विषय ऐनवेळी घेऊ नये, आणि इच्छुक सभासदांना मतदान व चर्चेचा हक्क न देता केवळ श्रोता म्हणून बसू द्यावे. कर्जदारांची खासगी माहिती, कर्मचाऱ्यांवरील कारवाई आणि न्यायालयीन प्रकरणे यांच्या वेळी श्रोत्यांनी बाहेर जावे, हे योग्यच आहे. दुरुस्ती निबंधकांकडे नोंदली गेल्याखेरीज अमलात येत नाही. पण फलकावर कागद लावायला निबंधकांची परवानगी लागत नाही, ते उद्यापासूनही करता येईल.

त्या भाडेकराराच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी म्हणून मी कलम 32 खाली लेखी अर्ज दिला आहे. ‘सभासदाला संचालकांच्या बैठकीत काय काम?’ असे मला काउंटरवर विचारण्यात आले. अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र साहेबांना विचारावे लागेल म्हणाले.

आपला,
एक सभासद,
मंगळवार पेठ, कोल्हापूर