कात्रज ते सिंहगड, एकटीनं

पुणे, ६ जानेवारी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी एकटीच कात्रज ते सिंहगड ही डोंगराची धार चालत करणार म्हणतेस. नको म्हणणार नाही. पण फोनवर माझं बोलणं निम्मं व्हायच्या आत तू "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून पाठवतेय.

अट एकच, रात्री जायचं नाही. पौर्णिमेला लोक घोळक्यानं ही धार करतात ते ठीक. एकट्यादुकट्याला अंधारात लुटल्याच्या बातम्याही याच वाटेवरच्या आहेत. शिवाय जानेवारीत दिवसाचं ऊन सोसतं, मग रात्र कशाला हवी?

स्वारगेटहून कात्रजपर्यंत बस, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला "जुना बोगदा" असं स्पष्ट सांग, नाहीतर तो बायपासच्या नव्या बोगद्याकडे नेईल. सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्याआधी तिथे पोहोचून काही साधत नाही. बोगद्याच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे. साताऱ्याकडे तोंड केलंस की उजवा हात म्हणजे पश्चिम, तिकडे चढायचं. डावीकडची रांग बोपदेव घाटाकडे जाते.

अंतर साधारण १६ किलोमीटर आणि टेकड्या १३. हा १३ आकडा परंपरेनं चालत आलाय. दोन शेंड्यांची टेकडी एक धरायची की दोन, यावर आजवर कुणाचं एकमत झालेलं नाही, तेव्हा मोजण्यात डोकं घालू नकोस. एकेक चढ शे-दीडशे मीटरच्या आतला, पण चढायचं, खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं असं करता करता बेरीज हजार मीटरच्या घरात जाते. दम चढाला लागतो, पण माणूस मोडतो तो उतारावर.

उताराचं नीट वाच. या डोंगरात कातळाचा एक थर, त्याखाली मुरमाड उतार, पुन्हा कातळ अशी रचना आहे. कातळावर मुरमाचे खडे पसरलेले असतात आणि ते बुटाखाली छर्र्यांसारखे फिरतात. घाबरून मागे रेललं की टाच सुटते आणि माणूस बसल्या बसल्या घसरत जातो. गुडघे किंचित वाकव, पावलं आखूड टाक, पाय थोडे आडवे ठेव आणि वजन पुढच्या पायावर घे. वाळकं गवत त्याहून वाईट. ते उताराच्या दिशेनं आडवं झालेलं असतं आणि तळवा सरळ खाली जातो. पाऊल गवताच्या पातीवर न ठेवता ठोंबाच्या बुडाशी ठेव. छातीइतक्या उंचीची वेळूची काठी घे. पायाची नखं आदल्या दिवशीच काप, नाहीतर प्रत्येक उताराला अंगठा बुटाच्या टोकावर आपटेल.

कुसळं हा दुसरा जाच. सुती ट्रॅकपँट घालू नकोस, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाल. कुसळ मोज्यात शिरलं की चालताना आत आत सरकतं. टोचतंय असं वाटलं की तिथेच थांबून काढ. पुढच्या टेकडीवर बघू म्हटलंस, तर तोवर पाय सोललेला असेल.

आता वाट चुकण्याबद्दल. समोर सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसत राहतो आणि सरळ त्याच्या रोखानं निघावंसं वाटतं. पण धार सरळ नाही, वळणं घेत जाते. मनोऱ्याच्या रोखानं चालणारा हमखास एखाद्या सोंडेवर, म्हणजे धारेतून फुटून खाली गावाकडे जाणाऱ्या डोंगराच्या फाट्यावर, उतरतो. सोंड सुरुवातीला धारेसारखीच रुंद आणि मळलेली असते, कारण गुरं तिथूनच येतात. ओळखायचं कसं? माथ्यावरून निघण्याआधी पुढची टेकडी आणि मधली खिंड डोळ्यांनी जोडून घे. उतरताना दोन्ही बाजूंना दरी दिसत असेल आणि समोर खिंड असेल, तर धारेवर आहेस. समोर शेतं आणि घरं वर येताना दिसू लागली, तर सोंडेवर आहेस. अशा वेळी आडवं कापत जाऊ नकोस, आल्या वाटेनं माथ्यावर परत जा. सुरुवातीला उजव्या हाताला जांभुळवाडीचं तळं, पुढे त्याच बाजूला खडकवासल्याचं पाणी आणि डाव्या हाताला खेड शिवापूरचा सपाट पट्टा, एवढ्या खुणा पुरेत. सकाळी पाणी दिसलं नाही तर बिचकू नकोस. थंड हवा जड असते, ती धूर आणि धुकं घेऊन खालीच बसून राहते. शहर त्यात बुडालेलं असतं आणि तुझ्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असतं. नऊ-दहापर्यंत ते विरतं.

धारेवर पाणी नाही. चार लिटर घे, चार किलो ओझं होईल, होऊ दे. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतात. दर टेकडीला चार घोट घ्यायचेच. एका लिटरमध्ये सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेव. खायला दशम्या, चिक्की आणि दोन संत्री.

बाराला निम्मी वाट झालेली नसेल किंवा निम्मं पाणी संपलेलं असेल, तर पुढे जायचं नाही. खालच्या गावाकडे जाणारी गुराखी वाट खिंडीतून धर. नाळेत, म्हणजे पाणी वाहून पडलेल्या अरुंद घळीत, मात्र उतरू नकोस. वरून ती सोपी दिसते, पण प्रत्येक कातळथराला तिथे सुका धबधबा असतो, मग खाली जाता येत नाही आणि वरही नाही. पाय मुरगळला तर बूट काढू नकोस, सूज आली की परत चढत नाही. बुटावरूनच पट्टी आवळ.

वणवा दिसला तर चढावर पळू नकोस, आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. जळून काळी झालेली जमीन किंवा उघडा कातळ गाठ. धनगरांची कुत्री अंगावर आली तर जागची हलू नकोस, काठी खाली धर आणि "कुत्रं आवरा" म्हणून हाक मार. मालक जवळपास असतोच.

फोनचं सांगते. लाइव्ह लोकेशन चालू ठेवू नकोस, बॅटरी खातं. देवळापाशी, मध्यावर आणि डांबरीवर असे तीन मेसेज पाठव. खिंडीत रेंजचा भरवसा नाही, माथ्यावरून पाठव. अडचण आली तर आधी ११२, मग मी.

तीनपर्यंत सिंहगड घाटाच्या डांबरी रस्त्याला लागायला हवीस. उशीर झाला तर गडाचा हट्ट नको, पिठलं-भाकरी पुन्हा कधीतरी. जीपनं डोणज्याला उतर, तिथून बस मिळते.

तुझी,
आई

ता. क. सॅकच्या वरच्या कप्प्यात सुटे पैसे ठेवलेत. जीपवाला ऑनलाइन घेईलच असं नाही.