आधी मूल्य विचार, मग आकडा सांग

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

बाहेरून आलेल्यांबद्दल नागपूरकरांना काय वाटतं याची पाहणी तुम्ही हाती घेतलीत, हे फार चांगलं झालं. पण प्रश्नावलीच्या माथ्यावरच जनगणनेचे आकडे छापायचा तुझा बेत मला पटत नाही. खरा आकडा कळला की माणूस मत बदलतो, या भरवशावर अनेक पाहण्या वाया गेल्या आहेत.

ॲलेसिना, मियानो आणि स्टँचेवा या अर्थतज्ज्ञांनी सहा देशांत हे तपासलं. इटलीत परदेशातून आलेले शंभरात दहाच्या आसपास, लोकांचा अंदाज सव्वीस. खरा आकडा सांगितल्यावरही गरिबांवरच्या सरकारी खर्चाबद्दलचं मत जवळजवळ हललं नाही. उलट, स्थलांतरितांचे प्रश्न आधी विचारले एवढ्यानंच त्या खर्चाचा पाठिंबा घसरला. म्हणून क्रम सांभाळ. रेशन, घरकुल, दवाखाना आधी. बाहेरच्यांचे प्रश्न नंतर. कुणी फुगवून आकडा सांगितला म्हणून त्याला द्वेष्टाही ठरवू नकोस. लहान गट कुठलाही असो, अंदाजात तो मोठाच होतो.

‘स्थलांतरित’ हा शब्द प्रश्नात मोकळा सोडू नकोस. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित आहेत, पण दुसऱ्या राज्यातून आलेले त्यात साधारण साडेपाच कोटीच. वर्ध्याहून लग्न होऊन नागपुरात आलेली सूनही त्या ४५ कोटींत मोजलेली असते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र सकाळी ठिय्यावर डबा घेऊन उभा असलेला छत्तीसगडचा मजूर येतो, मिहान औद्योगिक प्रकल्पातला हैदराबादचा इंजिनिअर येत नाही. फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेले सिंधी कुणाच्या हिशेबात बाहेरचे, कुणाच्या हिशेबात इथलेच. तेव्हा राज्य, काम, किती वर्षांपासून राहतो, हे प्रश्नातच लिही. अर्ध्यांना मजुराबद्दल विचार, अर्ध्यांना इंजिनिअरबद्दल. बाकीचं वाक्य अक्षरशः तेच ठेव. कोणता फॉर्म कुणाला, हे चिठ्ठी टाकून ठरव, पोरांच्या मर्जीवर नको. एकूण चारशे लोक घेतलेस तर दर गटात दोनशे पडतील, आणि मग दहा टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. शक्य असेल तर आठशे कर.

आता मुख्य गोष्ट. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैतिक मूल्यांचे पाच पाये मांडले: काळजी, न्याय, आपल्या गटाशी निष्ठा, अधिकाराचा मान, पावित्र्य. त्यातला न्याय सगळ्यात फसवा. ‘न्याय हवा’ म्हणणाऱ्या दोघांतला एक ‘सगळ्यांना सारखं द्या’ म्हणत असतो, दुसरा ‘रांगेत आधी मी होतो’ म्हणत असतो. एकाच प्रश्नात दोघांना कोंबलंस तर उत्तराला काही अर्थच उरत नाही. दोन वेगळे प्रश्न कर, आणि कुणाचं मूल्य कोणतं ते कळल्यावरच त्याला लागू पडणारी वस्तुस्थिती सांग.

रांगेवाल्या माणसाला लोकसंख्येचे आकडे देऊन काही होत नाही. त्याला रेशनचा हिशेब दाखव. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मध्ये बिहारचा कार्डधारक इतवारीतल्या रेशन दुकानात अंगठा लावतो, तेव्हा ई-पॉस मशीनवर धान्य त्याच्याच कार्डातून वजा होतं. प्राधान्य गटाला माणशी ५ किलो, ते इथंही तेवढंच. इथल्या कार्डाचा एक दाणाही कमी होत नाही. मात्र त्या दुकानाचा साठा लवकर संपू शकतो आणि उशिरा आलेल्याला ‘उद्या या’ ऐकावं लागतं. ही तक्रार खरी आहे, ती कबूल कर. ती लपवलीस तर हिशेबावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

ज्याचा जीव भाषेत आहे त्याला हेच धान्य सांगून उपयोग नाही. त्याची काळजी शाळा आणि बाजारातल्या बोलण्याची आहे. त्याला २०२०चा शाळांत मराठी सक्तीचा कायदा आणि त्याची अंमलबजावणी याबद्दल प्रश्न विचार. कायदा-शिस्तवाल्याला १९७९चा आंतरराज्य मजुरांचा कायदा सांग. त्यात परवाना घ्यायची जबाबदारी ठेकेदारावर होती, मजुरावर नव्हे. राग तोच राहिला तरी कुणावर, ते बदलू शकतं. मला तरी वस्तुस्थितीची ताकद इथंच दिसते. ती माणसाचं मूल्य बदलत नाही, पण त्या मूल्याच्या तराजूत काय पडतं ते बदलते.

विचारणाऱ्या पोरांना दोन गोष्टी बजाव. ठिय्यावर घोळक्यात विचारू नये, तिथं एकजण बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. आणि ‘सहमत आहात का?’ असं विचारू नये. भिडेखातर लोक हो म्हणतात. दोन बाजू वाचून दाखवून ‘यातली कोणती तुमच्या जवळची?’ असं विचारावं. हिंदीत विचारलं की मराठीत, तेही प्रत्येक फॉर्मवर नोंदवा, कारण या विषयात तेवढ्यानंही उत्तर हलतं.

कच्चा खर्डा झाला की आधी वीस-पंचवीस जणांवर करून बघ आणि अडलेले प्रश्न मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद